दुसऱ्याचे टाळ

माउलींच्या वारीत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या रांगांमधून घोडे धावले आणि घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला जो तो वाकला. मीही वाकलो, तर हाताला टाळ लागले. काशाचे, जुने, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. लाल दोरी घामानं काळपट पडलेली. उचलताना ते एकमेकांना नुसते निसटते लागले, पण त्या नादाची आस किती वेळ रेंगाळली! दिंडीनं मला दिलेले टाळ निव्वळ खणखणतात. सहा वर्षं मी त्यांच्यावरच पावली खेळतोय.

आजूबाजूला विचारायला हवं होतं. मी ते उपरण्यात गुंडाळून पिशवीत टाकले. मनाशी म्हटलं, मुक्कामी पोचलो की देऊ.

तरडगावच्या तळावर समाज आरतीला दिंड्या उभ्या राहिल्या. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगतो, हजारो टाळ एकदम वाजत असतात आणि चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, वर केला की क्षणात सगळं शांत. ज्या दिंडीची तक्रार असेल तीच काय ती टाळ वाजवत राहते. तिचं गाऱ्हाणं ऐकतात, हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो. त्या शांततेत मला ऐकू आलं, 'काशाचे टाळ, लाल दोरी.' दिंडीचा नंबरही सांगितला. पिशवी माझ्या खांद्याला होती. मी जागचा हललो नाही.

दुसऱ्या दिवशी फलटणची वाट सरता सरेना. मी चोरले नाहीत, मला सापडलेत, असं स्वतःला किती वेळा बजावलं. माउलींनीच दिले असतील, इथवर मजल गेली. हव्यासापायी मी देवालाही साक्षीला उभं केलं! आणि ज्या नादासाठी हे सगळं, तो काही ऐकता येत नव्हता. वाजवले की ओळखले जाणार. पिशवीत ते एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये टॉवेलची घडी घातली होती. तेवढ्यात पुढून तुकोबांचा अभंग सुरू झाला, 'साधनें तरी हींच दोन्ही'. पाठ असलेला अभंग, पण 'परद्रव्य' या शब्दाशी माझं तोंड मिटलं.

फलटणला विमानतळावरच्या तळावर पोचल्यावर विणेकऱ्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, मला घेऊन थेट चोपदारांकडे गेले. पुकारा झाला.

रात्री टाळांचे धनी आमच्या राहुटीत आले. परभणीकडचे, वय सत्तरीचं. आल्या आल्या माझ्या पायाला हात लावायला वाकले. मी त्यांचे दोन्ही खांदे धरले.

"बाबा, नका. काल पुकारा झाला तेव्हा हे माझ्याच पिशवीत होते. ऐकून गप्प बसलो."

ते काही बोलले नाहीत. दोरीची गाठ चाचपली. मग विचारलं, "वाजवून पाहिले का, माउली?"

"नाही."

त्यांनी दोरी माझ्या गळ्यात घातली. जागराचं भजन सुरू होत होतं. पहिल्या ठोक्याला हात थरथरला, नाद फुटका निघाला. ते शेजारी बसून हातानं ताल धरत होते. पाच-सहा अभंग झाल्यावर मी टाळ काढले आणि त्यांच्या गळ्यात घातले.