परतीच्या पाहुण्यांची दिवसभर मोजणी : माझा अनुभव

हिवाळ्यात सगळेच जातात पक्षी बघायला, पण मार्च संपत आला की पाणवठ्यावर कोणी फिरकत नाही, म्हणे आता काय उरलंय. माझं मत एकदम उलटं आहे. हिवाळाभर मातकट दिसणारे स्थलांतरित पाहुणे जायच्या आधी विणीचा पिसारा चढवतात आणि ते बघायला मिळतं फक्त याच दिवसांत. म्हणून ठरवलं, एकच तलाव, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, आणि दिसेल ते सगळं ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या ॲपवर.

एक गोष्ट आधीच सांगते, अख्ख्या दिवसाची एकच लिस्ट करू नका. मी तासातासाच्या वेगळ्या केल्या, एका जागी बसले तर स्टेशनरी, चालले तर ट्रॅव्हलिंग. आणि शेवटी विचारतात की ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का, तिथे हो म्हणायचं असेल तर कावळे साळुंक्यापण लिहायच्या, कंटाळा करायचा नाही. कारण मग जे दिसलं नाही त्यालाही अर्थ येतो. त्या दिवशी थापट्या बदकं एकही नव्हती, तलवार बदकं कशीबशी सात, पट्टकादंब तर कधीच हिमालयाच्या वाटेला लागलेले. परतीच्या सीझनला ही गैरहजेरीच खरी बातमी असते.

सकाळी सूर्य पाठीशी घेऊन बसले. पाणी आटल्यामुळे चिखल भरपूर उघडा पडलेला आणि त्यावर पिवळे धोबी. हिवाळ्यात यांच्या उपजाती ओळखणं म्हणजे डोक्याला ताप, पण आता नरांची डोकी स्वच्छ रंगलेली, कोणाचं राखाडी, कोणाचं काळंभोर, आरामात वेगळे करता येतात. त्यांच्या पलीकडे ब्लॅक टेल्ड गॉडविट हे लांब चोचीचे पाणपक्षी, अर्धे अजून करडे आणि अर्ध्यांची मान-छाती विटकरी झालेली, एकाच थव्यात! लिटल स्टिंट हे चिखलातले चिमुकले पक्षी तर मान वर करायला तयार नाहीत, नुसते टिपतायत. एवढासा जीव, वजन तीसेक ग्रॅमच्या आतबाहेर, आणि जायचंय पार आर्क्टिकच्या टुंड्रात, मग चरबी साठवायलाच हवी ना.

दुपारी काही नाही. ऊन चढलं की हवा थरथरते, स्कोपमधून (मोठ्या दुर्बिणीतून) सगळंच पाण्याखाली असल्यासारखं दिसतं, आणि अशा वेळी लांबच्या वेडर्सना, म्हणजे चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना, नावं द्यायचा मोह आवरायचा. ईबर्डवर नेमकी जात न सांगता सरळ 'सँडपायपर स्पीशीज' असं लिहिता येतं, बिनधास्त लिहा. मी झाडाखाली झोप काढली.

संध्याकाळी मात्र भोरड्या आल्या, साळुंकीच्या कुळातल्या. गुलाबी-काळ्या, प्रचंड कलकलाट, थव्यामागून थवे झाडांवर उतरतायत. या मध्य आशियाकडे परत जातात, जाण्याआधी असे मोठे थवे जमतात. मोजायचं कसं, तर आधी पन्नास नीट मोजायच्या, तेवढ्या पक्ष्यांनी थव्यातली किती जागा व्यापलीय ते डोळ्यात बसवायचं आणि तसे तुकडे पुढे मोजत जायचं. थवा वळला की गणित कोलमडतं म्हणून फोटोपण काढून ठेवले. माझा आकडा आला साधारण अठराशे.

लिस्ट टाकताना ॲपने लगेच लाल खूण दाखवली, संख्या जास्त वाटतेय, तपशील द्या. घाबरायचं काही नाही त्यात, त्या भागाच्या त्या महिन्याच्या मर्यादेपेक्षा आकडा वर गेला की आपोआप विचारलं जातं, मग तिथले स्वयंसेवक रिव्ह्यूअर बघतात. बरेच जण इथे नुसतं "खात्री आहे" लिहितात, त्याचा काहीच उपयोग नाही, त्यांना पद्धत हवी असते. मी लिहिलं की पन्नासच्या तुकड्यांनी मोजल्या, थवे एकाच दिशेने येत होते त्यामुळे दोनदा मोजल्या जाण्याची शक्यता कमी, आणि सोबत फोटो जोडले. नोंद मान्य झाली.