शर्मन इस्टेट : वारसा, विश्वस्त आणि पुराव्याविना घेतलेला संशय

खुनी सापडत नसला की लोक त्या मृत्यूमुळे कोणाच्या पदरात काय पडले हे मोजायला बसतात. टोरोंटोचे अब्जाधीश बॅरी शर्मन आणि त्यांच्या पत्नी हनी यांच्या बाबतीत ही मोजदाद डिसेंबर २०१७ पासून चालली आहे. ती करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी या इस्टेटीविषयी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल वाचला असावा, असे मला वाटते. तो वाचला जावा म्हणूनच हा लेख लिहीत आहे, कारण संशय कोठे संपतो आणि पुराव्यावरून काढलेले अनुमान कोठे सुरू होते, हे त्या निकालात जितके स्वच्छ मांडले आहे तितके क्वचितच कोठे मांडलेले आढळते.

आधी घटनाक्रम. बॅरी शर्मन हे ॲपोटेक्स या जेनेरिक औषधांच्या कंपनीचे संस्थापक होते. १९७४ मध्ये सुरू केलेली ही कंपनी त्यांनी कॅनडातील सर्वांत मोठ्या औषध कंपन्यांच्या पंक्तीत नेऊन बसवली होती. मृत्यूच्या वेळी ते ७५ वर्षांचे होते, हनी ७० वर्षांच्या. त्यांची संपत्ती तीन अब्ज अमेरिकी डॉलरच्या पुढे असल्याचा अंदाज प्रसिद्ध झालेला होता. नॉर्थ यॉर्कमधले राहते घर त्यांनी सुमारे ६९ लाख कॅनेडियन डॉलरना विकायला काढले होते, आणि १५ डिसेंबर २०१७ रोजी ते घर गिऱ्हाइकाला दाखवत असताना तळघरातील जलतरण तलावाजवळ दोघांचे मृतदेह आढळले. तलावाकाठच्या बुटक्या कठड्याला पट्टे बांधलेले होते, त्या पट्ट्यांचे फास दोघांच्या गळ्याभोवती होते, आणि दोघेही बसल्यासारख्या अवस्थेत शेजारी शेजारी होते. दोन दिवसांपूर्वी, १३ तारखेच्या संध्याकाळी, नव्या घराच्या आराखड्यासाठी वास्तुरचनाकारांबरोबर त्यांची बैठक झाली होती. त्यानंतर त्यांना जिवंत पाहिल्याचे कोणी सांगितलेले नाही.

या प्रकरणातला पहिला निराधार तर्क बाहेरच्या बघ्यांनी केलेला नव्हता, तो तपासाच्या दारातूनच बाहेर पडला. घरात कोणी बळाने घुसल्याच्या खुणा नाहीत आणि पोलीस कोणा संशयिताच्या शोधात नाहीत, असे सुरुवातीलाच सांगितले गेले, आणि पतीने पत्नीला मारून स्वतःचा जीव घेतला असावा या दिशेने तपास चालल्याच्या बातम्या चोवीस तासांच्या आत वर्तमानपत्रांत आल्या. चारही मुलांनी या बातम्यांवर जाहीर संताप व्यक्त केला. कुटुंबाने ब्रायन ग्रीनस्पॅन या नामांकित फौजदारी वकिलांना नेमले, खासगी तपास पथक उभे केले आणि स्वतःच्या खर्चाने दुसरे शवविच्छेदन करवून घेतले. २६ जानेवारी २०१८ रोजी पोलिसांनी पत्रकार परिषदेत जाहीर केले की हे दोन्ही खूनच आहेत आणि शर्मन दाम्पत्याला हेरून लक्ष्य करण्यात आले होते. सहा आठवडे एका मृत माणसावर त्याच्याच पत्नीच्या खुनाचा आळ राहिला. ही गोष्ट मला आजही फार गंभीर वाटते, कारण ज्याच्यावर आळ आला तो खुलासा करायला हयात नव्हता.

खून हे निश्चित झाल्यावर रोख पैशाकडे वळला. शर्मन यांना शत्रू असण्याची कारणे शोधायला कष्ट पडत नव्हते. पेटंटधारक बड्या कंपन्यांशी त्यांचे अखंड खटले चालत असत. टोरोंटोच्या बालरुग्णालयातील एका संशोधक डॉक्टरांशी, औषधाच्या धोक्याविषयी रुग्णांना सांगावे की नाही यावरून, १९९०च्या दशकात त्यांच्या कंपनीचा मोठा संघर्ष झाला होता. पण लोकांच्या मनाने धरले ते भाऊबंदकीचे प्रकरण, आणि त्याची मुळे पन्नास वर्षे मागे जातात.

बॅरी यांचे मामा लू विंटर हे एम्पायर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे मालक होते, आणि शिकत असताना बॅरी त्यांच्याकडे कामाला जात. नोव्हेंबर १९६५ मध्ये मामा अकस्मात वारले आणि त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी मामीही आजारपणात गेल्या. मागे चार लहान मुले उरली. इस्टेटीचा कारभार रॉयल ट्रस्ट या विश्वस्त कंपनीकडे आला, आणि १९६७ मध्ये बॅरी यांनी तिच्याकडून तो धंदा विकत घेतला. त्या व्यवहारात मुलांच्या हितासाठी एक अट घातली गेली होती : मुले २१ वर्षांची झाल्यावर त्यांना कंपनीत नोकरीची संधी मिळावी आणि काही काळ काम केल्यावर प्रत्येकाला पाच टक्के भाग विकत घेता यावेत. पुढे मुले सज्ञान होण्याआधीच, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, एम्पायर विकली गेली, आणि त्यानंतर ॲपोटेक्स उभी राहिली. मुलांचे पुढचे म्हणणे असे की ॲपोटेक्स ही त्याच पैशावर आणि अनुभवावर उभी असल्यामुळे त्या अटीचा हक्क तिच्यापर्यंत पोहोचतो. बॅरी यांनी या मामेभावांना अनेक वर्षे पैशाची मदत केली होती, आणि नंतर नाते कोर्टात गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये ऑन्टारिओ या प्रांताच्या न्यायालयाने मामेभावांचा दावा फेटाळला. कराराच्या अटी एम्पायरपुरत्या होत्या आणि ती कंपनी विकली गेल्यावर त्या संपल्या, असा त्याचा मथितार्थ. त्यानंतर तीन महिन्यांत शर्मन दाम्पत्याचा खून झाला.

आता या तीन महिन्यांच्या अंतरातून काय सिद्ध होते? काहीही नाही. दावा हरलेल्या पक्षापुढे अपिलाचा मार्ग होता आणि प्रतिवादीच्या मृत्यूने असा दिवाणी दावा संपत नाही. तो त्याच्या इस्टेटीविरुद्ध पुढे चालवता येतो. ज्याला पैसा हवा आहे त्याला त्या मृत्यूने एक पैही मिळणार नव्हती. तरीही मामेभावांपैकी एकाने वाहिन्यांवर बॅरी यांच्याविषयी केलेल्या कडवट विधानांनंतर ही गोष्ट लोकांच्या मनात पक्की बसली. कटुता बोलून दाखवणे हा गुन्ह्याचा पुरावा होत नाही, हे पुन्हा सांगावे लागते याचे मला वाईट वाटते.

मुख्य प्रश्न मात्र इस्टेटीच्या कागदपत्रांचा होता. ऑन्टारिओत मृताची मालमत्ता सांभाळणाऱ्यांना ‘इस्टेट ट्रस्टी’, म्हणजे इस्टेटीचे विश्वस्त, म्हणतात, आणि त्यांना आपल्या नेमणुकीचे प्रमाणपत्र न्यायालयाकडून घ्यावे लागते. त्यासाठी दाखल होणारा अर्ज, मृत्युपत्र, वारसांची नावे आणि मालमत्तेचे मूल्य हे सारे एरवी कोणालाही पाहता येते. शर्मन यांच्या विश्वस्तांनी २०१८ मध्ये बॅरी आणि हनी यांच्या इस्टेटींची दोन्ही प्रकरणे मोहोरबंद करून घेतली. मारेकरी मोकळा आहे, तेव्हा वारसांची आणि विश्वस्तांची नावे उघड झाल्यास त्यांच्याही जिवाला धोका आहे, शिवाय दुःखात असलेल्या कुटुंबाच्या खासगीपणाचा भंग होतो, असे त्यांचे म्हणणे होते. कनिष्ठ न्यायालयाने दोन वर्षांची मोहोर मान्य केली. टोरोंटो स्टार या वृत्तपत्राचे शोधपत्रकार केविन डोनोव्हन यांनी ती आव्हानित केली. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने ती उठवली. आणि विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ जून २०२१ रोजी सात न्यायमूर्तींनी एकमताने विश्वस्तांचे अपील फेटाळले. निकाल न्यायमूर्ती निकोलस कासिरर यांनी लिहिला.

या निकालातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग जिवाच्या धोक्याविषयीचा आहे. धोक्याचा प्रत्यक्ष पुरावा नसला तरी परिस्थितीवरून तर्कशुद्ध अनुमान काढता येते, हे न्यायालय मान्य करते. पण अनुमानाला सिद्ध झालेल्या तथ्यांचा पाया लागतो, आणि तो नसेल तर उरते ती केवळ अटकळ. दोन माणसांचा खून झाला हे तथ्य आहे. तो का झाला हे कोणालाच ठाऊक नाही. हेतू अज्ञात असताना, ज्यांना त्या माणसांची संपत्ती मिळणार त्यांनाही तोच मारेकरी लक्ष्य करील, आणि तेही इस्टेटीच्या फायलीतील मजकूर वाचून करील, हे म्हणणे अटकळीवर अटकळ रचण्यासारखे आहे. संभाव्य हानी कितीही भयंकर असली तरी तिच्या भयंकरपणामुळे ती घडण्याची शक्यता वाढत नाही. खासगीपणाविषयी न्यायालयाने एक नवी वाटही मोकळी केली. माणसाची प्रतिष्ठा हे जपण्याजोगे सार्वजनिक हित आहे, आणि आजारपण, लैंगिकता, कलंक मानल्या जाणाऱ्या गोष्टी अशा व्यक्तीच्या गाभ्याला भिडणाऱ्या माहितीसाठी न्यायालयाची दारे काही अंशी बंद करता येतील. कोणी कोणाचा वारस आहे ही माहिती त्या दर्जाची नाही. संकोच वाटणे किंवा बातम्यांचा त्रास होणे एवढ्याने खुल्या न्यायाचे तत्त्व बाजूला ठेवता येत नाही.

आणि मोहोर निघाल्यावर बाहेर आले काय? प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार बॅरी यांच्या मृत्युपत्रात चार मुलांना समान वाटा होता, आणि हनी यांचे मृत्युपत्र मिळाले नाही. तीन वर्षे ज्या फायलींविषयी लोक नाना तऱ्हेच्या कथा रचत होते, त्यांत एखाद्या सामान्य सुखवस्तू कुटुंबाच्या फायलीत असते तेवढेच निघाले. माझे ठाम मत आहे की त्या पहिल्या दिवसापासून उघड्या राहिल्या असत्या तर वारसांचीच अधिक सोय झाली असती, कारण बंद फाइलमध्ये काही तरी दडले असणार हा समज कोणताही खुलासा करून पुसता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने एक बारकावा येथे नोंदवण्याजोगा आहे. पती-पत्नी एकाच वेळी, किंवा कोण आधी गेले हे ठरवता येणार नाही अशा स्थितीत वारले, तर ऑन्टारिओचा कायदा, मृत्युपत्रात वेगळी तरतूद नसल्यास, प्रत्येकाची मालमत्ता जणू तोच मागे जिवंत राहिला असे धरून वाटतो. म्हणजे पतीची मालमत्ता पत्नीच्या मार्गाने आणि पत्नीची पतीच्या मार्गाने जात नाही, दोन्ही सरळ पुढच्या वारसांकडे जातात. आपल्याकडे हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २१ वेगळे गृहीत धरते : उलट सिद्ध होईपर्यंत वयाने लहान असलेली व्यक्ती मोठ्या व्यक्तीच्या मागे जगली असे मानायचे. दोन्ही नियमांमागचा हेतू एकच, की मृत्यूचा क्षण ठरवता येत नाही म्हणून वारसा अडकून पडू नये. ज्याने खून केला त्याला त्या खुनातून वारसा मिळत नाही, हा नियमही दोन्हीकडे आहे. आपल्याकडे तो कलम २५ मध्ये लिहिलेला आहे, कॅनडात तो न्यायालयांनी लोकनीतीच्या आधारावर घडवला आहे. पण हा नियम लागू व्हायला कृत्य सिद्ध व्हावे लागते. कोणाविरुद्ध पुरावा नसताना केवळ लोक कुजबुजतात म्हणून विश्वस्त कोणाचा वाटा रोखून धरू शकत नाहीत, आणि तसे ते करू लागले तर तो त्यांच्याच कर्तव्याचा भंग ठरेल.

म्हणूनच ज्या कसोटीने न्यायालयाने विश्वस्तांची भीती तपासली, तीच कसोटी लोकांनी वारसांविषयीच्या संशयाला लावावी, असे माझे म्हणणे आहे. प्रत्येक श्रीमंताच्या मृत्यूने कोणाला तरी वारसा मिळतोच, आणि वारसा मिळणे याला हेतू म्हणायचे ठरवले तर जगातला प्रत्येक वारस संशयित ठरेल. पोलिसांनी या प्रकरणात कोणाचेही नाव संशयित म्हणून जाहीर केलेले नाही आणि कोणालाही अटक झालेली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी एका व्यक्तीचे सीसीटीव्ही चित्रण प्रसिद्ध केले : बर्फाळ रस्त्याने चालणारी एक अंधुक आकृती, जी एक पाऊल टाकताना टाच विचित्रपणे मागे उडवते. त्या काळात त्या परिसरात ही व्यक्ती कशासाठी आली होती याचा उलगडा झालेला नाही, म्हणून पोलीस तिला संशयित मानतात, पण ती कोण हे त्यांनी सांगितलेले नाही. कुटुंबाने २०१८ मध्ये माहिती देणाऱ्यास एक कोटी डॉलरपर्यंतचे बक्षीस जाहीर केले होते. २०२२ मध्ये मुलाने त्यात अडीच कोटींची भर घातली. ॲपोटेक्स २०२३ मध्ये एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या मालकीची झाली.

राहिला प्रश्न पोलिसांच्या झडती-अर्जांचा. त्यांतील बराच मजकूर न्यायालयाने झाकून ठेवला आहे, आणि डोनोव्हन यांनी स्वतः न्यायालयात उभे राहून तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी घेत तो उघड करण्याची मागणी वारंवार केली आहे. इस्टेटीची फाइल उघडली तर ही का नाही, असे विचारले जाते. मला हा भेद पटतो. इस्टेटीच्या फायलीतील धोका कोणी दाखवून देऊ शकले नव्हते. येथे साक्षीदारांचे जबाब आहेत, आणि फक्त मारेकऱ्यालाच ठाऊक असतील असे तपशील आहेत. ते आधीच छापून आले तर उद्या येणारा खरा कबुलीजबाब आणि बक्षिसासाठी रचलेली कथा यांत फरक करायला तपास अधिकाऱ्यांच्या हाती काही उरणार नाही. मात्र ही गोपनीयता तपास खरोखर चालू असण्यावर अवलंबून आहे, आणि तो चालू आहे हे न्यायालयाने पोलिसांकडून ठरावीक काळाने शपथेवर वदवून घेतले पाहिजे.