दादाचा पट्टा

2011 च्या उन्हाळ्यात दादाने खिळा तापवून कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं. महिनाभरात दुसरं, मग तिसरं. आई म्हणायची, ट्रकवरचं खाणं, अंगी लागत नाही. त्याआधी त्याच्या कमरेवर नागीण उठली होती. आम्ही गेरू लावला, उतरवून घेतली आणि विसरलो. चौतिशीतल्या धडधाकट माणसाला नागीण का उठावी, हे कुणीच विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग ताप सुरू झाला, जुलाब सुरू झाले, महिना उलटला तरी हटेनात. दोनदा टायफॉइडचं औषध झालं. एके सकाळी चूळ भरताना दादाने जीभ दाखवली. दह्याच्या कवड्या चिकटाव्यात तसा पांढरा थर, खरवडला तर खाली लालभडक. घास गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

सिव्हिलमध्ये रक्त तपासलं, एचआयव्ही निघाला. सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचं रक्तातलं प्रमाण, 84. दोनशेच्या खाली गेलं की एड्स म्हणतात, समुपदेशक ताईंनी शांतपणे समजावलं. एचआयव्ही मात्र आठ-दहा वर्षं काहीही न दुखवता अंगात राहू शकतो, तेव्हा लक्षणांची वाट बघत बसायचं नसतं. एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, नाव गुप्त राहतं. 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन केला तरी माहिती मिळते.

वहिनीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तीन महिन्यांनी पुन्हा केला तोही. दादा रोज रात्री नऊला गोळी घेतो. पट्टा तोच आहे, बकल आता जुन्याच भोकात बसतं.