मुका ससा

दिवाळीच्या सुट्टीत सहा वर्षांच्या भाचीपुढे मी चाळीस वर्षांपूर्वीचा एक ससा आणून ठेवला. 'रीडर रॅबिट'. ॲपल टू या घरगुती संगणकासाठी 1984च्या सुमारास निघालेला, वाचायला शिकवणारा अमेरिकन प्रोग्राम. असे जुने प्रोग्राम आता लॅपटॉपवर नकली ॲपल टू उभा करून चालवता येतात. मला त्याचा नाद आहे आणि घरातल्यांना त्याचा कंटाळा आहे. भाची मात्र अजून लहान असल्यामुळे सापडते.

पडद्यावर शब्दांचा कारखाना. एक अक्षर ठरवून दिलेलं असतं आणि शब्द एकेक करून पुढे येतात. ते अक्षर ठरलेल्या जागी असलं, म्हणजे शब्दाच्या सुरुवातीला, मधे किंवा शेवटी, तर शब्द ठेवायचा, नाहीतर फेकून द्यायचा. निवड नीट झाली की ससा नाचतो. चित्राखाली अक्षरं बसवायचा एक खेळ आहे, एक पत्त्यांच्या जोड्या लावायचा. आणि एक आगगाडी: प्रत्येक डब्यातला शब्द आधीच्या डब्यापेक्षा एकाच अक्षराने वेगळा. शब्द सगळे तीन अक्षरांचे, 'कॅट', 'हॅट' या जातीचे. आपल्याकडे पहिलीत काना-मात्रा नसलेले शब्द येतात, तशातलाच प्रकार.

पाच मिनिटांत भाचीने विचारलं, "मामा, हा बोलत का नाही?"

बोलणार कसा? त्या संगणकाचा स्पीकर म्हणजे प्रोसेसरने टिचकी मारायची आणि त्याने 'टक्' करायचं, एवढाच कारभार. टिचक्या भराभर मारल्या की त्यातून सूर निघे, पण माणसाचा आवाज काढायचा तर जागा हवी. फ्लॉपीवर जागा 140 केबी. माझी आई रोज सकाळी व्हॉट्सॲपवर पाठवते तो गुलाबांचा फोटोसुद्धा बहुतेक त्यात मावला नसता. बोलणारी यंत्रं तेव्हा नव्हती असं नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं 'स्पीक अँड स्पेल' हे खेळणं 1978 सालीच खास आवाजासाठी बनवलेली चिप घेऊन आलं होतं; ते घोगऱ्या आवाजात शब्द सांगे आणि मुलांनी त्याचं स्पेलिंग टिपायचं. घरच्या संगणकाकडे तशी चिप नव्हती, इतकंच. त्याहून गंमत म्हणजे 1983मध्ये 'टू-ई' हे पुढचं मॉडेल येईपर्यंत ॲपल टूला इंग्रजीची लहान लिपीही येत नव्हती. सगळं मोठ्या लिपीत, कायम ओरडल्यासारखं. लहान अक्षरं हवी असली तर ती चित्र म्हणून ठिपक्याठिपक्यांनी काढायची. मुलांना वाचायला शिकवायला निघालेले मास्तर स्वतः मुके आणि अर्धे निरक्षर!

ही आगगाडी मराठीत चालेल का, म्हणून मी कागदावर डबे जोडून पाहिले. कर, घर, घट, वट, वड, गड. झकास. वेलांटी आली आणि गाडी रुळावरून उतरली. 'कि'मधली वेलांटी दिसते 'क'च्या आधी, ऐकू येते नंतर. तिला कुठल्या डब्यात बसवायची? तो नाद सोडला.

तर, ससा मुका. पण त्याच्यामागची माणसं वाचून मी थबकलो. प्रोग्राम लिहिला लेस्ली ग्रिम यांनी. तो काढणारी 'द लर्निंग कंपनी' 1980 साली सुरू केली ॲन पीस्ट्रप यांनी. (त्यांच्या जोडीला वॉरन रॉबिनेटही होते. अटारी कंपनीच्या एका व्हिडिओ गेममध्ये चोरखोलीत स्वतःचं नाव लपवून ठेवणारे ते हेच.) पीस्ट्रप बाईंनी त्याआधी 1973मध्ये कॅलिफोर्नियातल्या पहिलीच्या वर्गांचा अभ्यास केला होता. वर्गात बहुतेक कृष्णवर्णीय मुलं, घरची इंग्रजी त्यांच्या वळणाची. मूल वाचायला लागलं की काही बाई त्याला उच्चारासाठी मधेच अडवायच्या. शब्द मुलाने बरोबर ओळखलेला असायचा, फक्त म्हटलेला असायचा घरच्यासारखा. ज्या वर्गांत असं अडवणं फार, तिथली मुलं वाचनात मागे.

हे वाचलं आणि मी थेट अकोल्याला, तिसरीच्या वर्गात जाऊन पडलो. उभं राहून धडा वाचायचा. माझ्या तोंडून 'शाळा'ची 'शाया' झाली.

"ळ! शा-ळा."

"शाळा," मी म्हटलं आणि पुढच्या ओळीत 'पानी' आलं.

"ण! पा-णी." मागच्या बाकावर खसखस पिकली. 'ण' मला दिसत होता हो. शुद्धलेखनाच्या वहीत माझा 'ण' कधी चुकला नाही. घरी आई, आजी, दूधवाला सगळे 'पानी'च म्हणत, म्हणून 'पाणी' दिसलं की 'पानी' ऐकू यायचं. वाचनात कुठे काय चुकलं होतं? पण चार वेळा अडवल्यावर धड्यात काय चाललंय ते हरवलं. मग मी अक्षरांवरून खड्ड्यांच्या रस्त्यावरून सायकल न्यावी तसा जपून जाऊ लागलो, आणि बाईंनी शेरा दिला, 'वाचन संथ'.

पीस्ट्रपबाईंनी मुद्दाम मुका ससा काढला, असं मला म्हणायचं नाही. ते मुकेपण गरिबीचं. पुढे ससाही बोलू लागला; 1992पासून सीडीवर 'लिव्हिंग बुक्स' नावाची बोलकी पुस्तकं आली, ती पानंच्या पानं वाचून दाखवत. मुलांनी मात्र त्यात वाचण्यापेक्षा चित्रांवर टिचक्या मारण्यातच जास्त वेळ घालवला असावा. मी तरी तेच केलं असतं.

भाचीला खेळात डब्ल्यूने सुरू होणारे शब्द ठेवायचे होते. आमच्या घरात डब्ल्यू आणि व्ही यांच्यात उच्चाराचा भेदभाव नाही, दोघांनाही 'व'. ती मोठ्याने 'व, व' करत राहिली, पण बोटं बरोबर चालली. डब्ल्यू ठेवला, व्ही फेकला. ससा नाचला. माझ्या जिभेवर "अगं, ओठांचा चंबू कर" आलं होतं. गिळलं.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, चष्मा कपाळावर. जरा वेळ बघत उभी राहिली.

"हा ससा बोलत नाई काय?"

"नाही."

"मंग बरा हाय," म्हणाली, आणि चष्मा खाली घेऊन भाचीच्या शेजारी बसली. "सरक वं थोडी. मले दे."

"आजी, पहिलं अक्षर बघायचं फक्त," भाची म्हणाली.