मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने: वादळाची रात्र आणि भीती

मार्ग मुंबई, जयगड, विजयदुर्ग, मुरगाव. अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास, बोट ३४ फुटी, माणसं चार, ऑक्टोबरची अखेर. जयगडपर्यंत दुपारी खारा वारा, पहाटे मतलई, विशेष काही नाही. वादळाने गाठलं ते जयगड सोडल्यावर, रात्री. वारा नैर्ऋत्येचा ३५ नॉट (ताशी ३५ सागरी मैल), झोतात ४२.

इथे भीती माणसाला किनाऱ्याकडे ढकलते. गावाचे दिवे दिसत असतात आणि कुणीतरी म्हणतंच, "चला, खाडीत शिरू." अंधारात ते करू नका. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीचं पाणी बाहेर येतं, लाट आत जाते, आणि दोन्ही भिडतात तिथे लाट उभी राहून फुटते. बोटी तिथेच उलटतात. म्हणून आभाळ भरून आलं की उजेड असतानाच बाहेर खोल समुद्राकडे निघा. किनारा निदान ३० मैल मागे हवा. हा आकडा कुठून आला ते खलाशांना आधीच सांगून ठेवा: हीव्ह-टू केलेली, म्हणजे शिडं आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध लावून जवळजवळ थांबवलेली बोट ताशी एक-दोन मैल वाहवते, म्हणजे बारा तासांत १२ ते २४ मैल. आपल्यामागे किती पाणी आहे हे कळलं की माणसं किनाऱ्याकडे बघणं सोडतात.

हीव्ह-टूची रीत अशी. मोठं शीड तिसऱ्या रीफवर (रीफ म्हणजे शीड गुंडाळून लहान करण्याचा टप्पा), पुढे वादळी जिब (पुढचं छोटं शीड) वाऱ्याच्या बाजूला उलटी ताणलेली, सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधलेला. नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याशी साधारण ५० अंशांत राहिली पाहिजे. मोठं शीड जास्त ताणलं तर बोट पुढे पळू लागते. जिब मोठी असली तर नाळ वाऱ्यापासून दूर वळते आणि लाटा आडव्या बसतात. नीट जमलं की हेलकावे एकदम सौम्य होतात. हा सराव १५ नॉटमध्ये, दिवसा करून ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून पहिला रीफ २० नॉटच्या आत. मनात आलं तेव्हाच घ्या.

डेकवर पाय ठेवण्याआधी, पायरीवर असतानाच हार्नेस (माणसाला बोटीशी बांधणारा पट्टा) अडकवायचा. अपवाद कुणालाच नाही.

भीतीचा जास्त त्रास खाली केबिनमध्ये होतो, कारण तिथे फक्त आवाज असतात. एकेक आवाज ओळखून मोठ्याने सांगा. ठकठक म्हणजे हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) डोलकाठीवर आपटतेय. ती बाजूच्या तारेकडे ओढून बांधली की बंद. धाडकन आवाज म्हणजे पोटाखालून लाट गेली. उरतो तो "पाणी भरतंय का?" हा प्रश्न. त्यासाठी बिल्जच्या (बोटीच्या तळाच्या, पाणी साचतं त्या जागेच्या) भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा. अर्ध्या तासाने टॉर्च मारून बघा: पाणी रेघेखाली, रेघेवर, की बोटभर वर?

हे काम सगळ्यात घाबरलेल्या माणसाला द्या. सोबत बॅरोमीटर, वारा आणि ठिकाण वहीत लिहायला लावा. "घाबरू नकोस" म्हणून काही होत नाही, वहीतले आकडे बघून होतं. हात थरथरत असतील तर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. पहारे दीड-दीड तासांचे. बाकीच्यांनी आडवं व्हायचं, झोप आली नाही तरी.

बोट लागली की भीती दुप्पट वाटते. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधीच घ्या. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. थर्मासात गरम पेज आणि हाताशी आल्याच्या वड्या असू द्यात.

निघताना बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा असेल तर निघूच नका. नोव्हेंबर २००९ चं फयान चक्रीवादळ कोकणातले मच्छीमार अजून विसरलेले नाहीत. व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ चालू ठेवा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

वारा पडल्यावरही लाटा काही तास तशाच राहतात, शिडं लगेच पूर्ण उघडू नका. विजयदुर्गात उजेडी, भरतीच्या पाण्यावर शिरा. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली जुनी दगडी भिंत आहे. तटाला खेटून जाऊ नका.