स्टोअर नंबर दोन

संयुक्त अरब अमिरातीतल्या शारजात माझं काम इमारतींच्या पोटात चालतं. पंप, पॅनेल, लिफ्ट, चिलर, पाण्याच्या टाक्या. एसी बंद पडला की भाडेकरूंना आमची आठवण होते, एरवी आम्ही आहोत की नाही याची कुणाला गंधवार्ता नसते. पावसाशी संबंध वर्षातून चार-दोन दिवसांचा, त्यामुळे ड्रेनेजच्या बाबतीत इथे मालकापासून मिस्त्रीपर्यंत सगळे निवांत. सरी आल्या की पालिकेचे टँकर रस्त्यावरचं पाणी ओढून नेतात आणि एरवी तेवढं पुरतं.

16 एप्रिल 2024 च्या मंगळवारी ते पुरलं नाही. याच देशात, अल ऐन भागात खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत 254 मिलिमीटर पाऊस झाला. 1949 पासूनच्या नोंदींत एवढा कधीच नव्हता. मी चिपळूणचा. 2021 च्या जुलैत वाशिष्ठीने घरात काय करून ठेवलं ते मला ठाऊक आहे, तेव्हा नुसत्या आकड्याला मी घाबरत नाही. धडकी भरवली ती आमच्या रॅम्पने.

पार्किंगच्या रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा हवा, वीतभर का होईना. आमच्याकडे नुसती आडवी जाळी, जाळीखाली चर, आणि चरातलं पाणी पाइपाने थेट बेसमेंट दोनमधल्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी गोळा होण्याच्या खड्ड्यात. सम्पमध्ये दोन सबमर्सिबल पंप: एक चालता, एक राखीव. पाण्यावर तरंगणारा फ्लोट वर आला की पहिला सुरू होतो, आणखी वर आला की दुसरा. कागदावर झकास. पण पंपाने उपसलेलं पाणी टाकायचं कुठे, तर रस्त्याकडेच्या लाइनीत. आणि ती दुपारपर्यंत तुडुंब भरून उलटी यायला लागली. पाणी मागे येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये वाळू अडकलेली, तो नीट बसेना. मग होज लावून पाणी बाहेर रस्त्यावर सोडलं. तर तेच पाणी रस्त्यावरून रॅम्पने पुन्हा आत. दोन्ही पंप बोंबलत चाललेत, पाणी नुसतं गोल फिरतंय आणि पातळी बोटाबोटाने चढतेय. त्यात पंपांचं कंट्रोल पॅनेल त्याच मजल्यावर, जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंचीवर! ज्या कन्सल्टंटने ते ड्रॉइंग पास केलं त्याला त्या दिवशी तिथे उभं करायला हवं होतं.

लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद केल्या. पाणी लिफ्टच्या पिटमध्ये उतरायच्या आत हे झालं नाही तर पुढचे कित्येक आठवडे इमारत जिने चढते. पिण्याच्या पाण्याच्या टाक्याही बेसमेंटमध्येच. त्यांच्या झाकणांवर प्लॅस्टिक बांधून वाळूच्या गोण्या ठेवल्या, पण गढूळ पाणी शिरायचं ते शिरलंच. पाणी पॅनेलपासून वीतभर राहिलं तेव्हा मी खालच्या मजल्यांची वीज तोडली. पाण्यात उतरलेली माझी पोरं होती, आणि पंपांपेक्षा ती महाग. पुढच्या अर्ध्या तासात बेसमेंट दोन गेलं.

आमचे मॅनेजर पुण्याचे. आदल्या वर्षी मी डिझेलवर चालणारा पोर्टेबल पंप मागितला होता, तेव्हा ते म्हणाले होते, “अरे, हे काय चिपळूण आहे का? डेव्हलप्ड कंट्री आहे ही.” त्या संध्याकाळी तसला पंप अख्ख्या शहरात भाड्याने मिळत नव्हता.

हे सगळं पाण्याचं झालं. माझ्या डोक्यातून जात नाही ती खोली.

बेसमेंट एकमध्ये, रॅम्पच्या वळणामागे, नातूर राहतो. आखातात इमारतीच्या रखवालदाराला नातूर म्हणतात. आमचे चाचा बांगलादेशचे. खोलीला खिडकी नाही, एक्झॉस्टची डक्ट वरून गेलेली. एक खाट, एक पत्र्याची पेटी, एक राइस कुकर. पाणी आलं तेव्हा चाचा भाडेकरूंच्या गाड्या वर काढायला धावत होते. चाव्या घेऊन सात-आठ गाड्या त्यांनी बाहेर आणल्या. मग खोलीकडे गेले, तोवर पाणी छातीला लागलं होतं. पेटीत मुलीच्या लग्नासाठी घेतलेलं कापड होतं. पासपोर्ट तेवढा वाचला, कारण तो मालकाच्या ऑफिसातल्या कपाटात होता. मालकाने कामगाराचा पासपोर्ट आपल्याकडे ठेवायला इथल्या कायद्याने बंदी आहे, हे जाता जाता सांगतो.

पाणी उपसल्यावर विम्यासाठी नुकसानीची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. पंप, मोटर, पॅनेल, फायर पंप, टाक्या, केबल. प्रत्येकाला ॲसेट नंबर. चाचांच्या खोलीपाशी पेन थांबलं. मंजूर नकाशात ती ‘स्टोअर नंबर दोन’ आहे. तिथे माणूस राहतो असं लिहिलं तर मालकाला दंड आणि चाचांची रवानगी दूरच्या लेबर कॅम्पमध्ये. न लिहावं तर खाट, पेटी, कापड हे काही बुडालंच नाही. चाचांनाच विचारलं. ते म्हणाले, “साब, मत लिखो. कमरा चला जाएगा.” मी ‘स्टोअरमधील किरकोळ सामान’ अशी ओळ घातली. अकाउंट्सने ती काढली. किरकोळ सामानाला बिल लागतं.

आता विकसित देश कुणाला म्हणायचं? संयुक्त राष्ट्रांच्या 2023-24 च्या मानव विकास अहवालात अमिराती 17 व्या क्रमांकावर आहे, आपला देश 134 व्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी मात्र अमिरातीला आजही उदयोन्मुख आणि विकसनशील अर्थव्यवस्थांत धरतो. मॅनेजर मानव विकासाचा क्रमांक सांगतात, कँटीनमधला आमचा केरळी इलेक्ट्रिशियन नाणेनिधीची यादी. मला दोघांचंही पटत नाही. इथली वीज जात नाही, पगार बँकेतून होतो आणि थकला तर मंत्रालयाला दिसतो, उन्हाळ्यात साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असतं. पुरात भिजलेल्या गाडीसाठी लागणारा दाखला दुबई पोलिसांनी मोबाइलवर दिला. आपल्याकडे तलाठ्याच्या पंचनाम्यासाठी काय करावं लागतं ते चिपळूणकरांना विचारा. पुरानंतर दोन-अडीच महिन्यांत दुबईने 30 अब्ज दिरहमची ड्रेनेज योजना जाहीर केली, 2033 पर्यंत पूर्ण करायची. होईलही. पैसा आहे आणि काम रेटून नेण्याची धमकही आहे.

पण पुरानंतर साधारण आठवड्याने देशाच्या मंत्रिमंडळाने घरांच्या दुरुस्तीसाठी 2 अब्ज दिरहम मंजूर केले ते नागरिकांच्या घरांसाठी. ज्याचा देश त्याने आपल्या माणसांचं आधी बघावं, यात मला चूक काढता येत नाही. प्रश्न एवढाच की इथल्या दर दहा माणसांतली जवळपास नऊ नागरिक नाहीतच. मीही नाही. कुठलाही निर्देशांक काढताना भागाकाराला आम्ही असतो. वाटपाच्या वेळी मात्र व्हिसा संपेपर्यंतचे पाहुणे. पैसे मिळतात म्हणून मी इथे आहे आणि अजून काही वर्षं राहीन, तेव्हा हे मी फार तावातावाने बोलूही शकत नाही.

भाडेकरूंनी वर्गणी काढून चाचांना पैसे दिले. वाचलेल्या गाड्यांच्या मालकांपैकी दोघांनी दिले नाहीत. कोण ते मला माहीत आहे.

विम्याचे पैसे आल्यावर रॅम्पला उंचवटा झाला, तिसरा पंप आला. पॅनेल वर हलवा, ही शिफारस माझीच. तळमजल्यावर मीटर रूमशेजारी एक कोपरा रिकामा होता, उजेडाचा, बाहेर उघडणाऱ्या दाराचा. चाचांनाही तिथे आणता येईल असं मी सुचवलं होतं. जागा एकालाच पुरणारी होती. तांत्रिकदृष्ट्या पॅनेलला ती देणंच बरोबर, पाणी पुन्हा आलं तर अख्खी इमारत त्या पॅनेलवर आहे, हे मी स्वतः रिपोर्टमध्ये लिहिलंय. चाचा अजून स्टोअर नंबर दोनमध्ये राहतात. खाट नवीन आहे, भाडेकरूंच्या पैशातली. पेटी त्यांनी विटांवर चढवलीय, आणि पाऊस येणार असं कळलं की मी त्यांना फोन करून ती वर माझ्या ऑफिसात आणायला लावतो.