मामांच्या गिटारची गवसणी

मामांना जाऊन वर्ष झालं तेव्हा मामींनी मला पंचवटीत बोलावून घेतलं. "तू तरी वाजवशील. इथं राहिली तर उंदरं खातील," म्हणाल्या आणि माळ्यावरची गिटार खाली काढायला लावली. मूळची पुठ्ठ्याची पेटी ओल लागून कधीच गेली होती. मामींनी गिटार जुन्या गोधडीत गुंडाळून वर सुतळी बांधली होती. सुतळी सोडल्यावर इंग्रजी f च्या आकाराची दोन छिद्रं दिसली आणि त्यातून आत डोकावल्यावर हॉफनर या जर्मन कंपनीचं पिवळं पडलेलं लेबल. मामा ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गणपतीत, लग्नांत, देवळाली कॅम्पातल्या कार्यक्रमांत हीच गिटार असायची.

गोधडीसकट मांडीवर घेऊन रिक्षानं कॉलेज रोडला आले. प्रत्येक खड्ड्याला आतून 'टक्' असा आवाज यायचा. घरी येऊन पाहिलं तर ब्रिज, म्हणजे तारांखालची घोडी, जवळजवळ अर्धा इंच सरकला होता.

नेहमीच्या अकूस्टिक गिटारचा ब्रिज टॉपला, म्हणजे पुढच्या फळीला, चिकटवलेला असतो. मामांची गिटार आर्चटॉप, म्हणजे फुगीर टॉपची. तिचा नुसता टेकवलेला असतो. तारा मागं कडेच्या धातूच्या पट्टीला, टेलपीसला, अडकवतात आणि त्यांच्या दाबावर ब्रिज उभा राहतो, व्हायोलिनसारखा. १८९० च्या दशकात अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सननं व्हायोलिनवरूनच फुगीर टॉपची कल्पना गिटारला आणली. सतारीच्या तबलीच्या जागी इथं हा फुगवटा असतो, आणि पाठही तशीच फुगीर. ब्रिज दोन मिलिमीटर सरकला तरी वरच्या फ्रेटवर सूर खोटे लागतात. तो जागेवर आणल्यावर त्याच्या पायांशी मी कागदी टेपवर पेन्सिलीच्या बारीक रेघा मारून ठेवल्या. पुढच्या सगळ्या उपद्व्यापात त्या रेघाच माझ्या कामी आल्या.

आधी गिटारच्या दुकानात गेले. आपल्याकडे '४१ इंची' म्हणून जी बॅग मिळते, ती दुकानातल्या मुलानं काढली. "ताई, यात सगळ्या बसतात." ती बॅग ड्रेडनॉटसाठी, म्हणजे नेहमीच्या मोठ्या अकूस्टिक गिटारसाठी, शिवलेली असते, ड्रेडनॉटची खालची रुंदी साडेपंधरा इंचांच्या आसपास. माझी भरली साडेसोळा. ओढून चेन लागली, पण चेनचे दात खालच्या कडेच्या पॉलिशवर घासत होते. साठ-सत्तर वर्षांचं पॉलिश एका फेरीत खरवडलं असतं. नको म्हटलं.

मग ऑनलाइन जंबोची, म्हणजे ड्रेडनॉटहून रुंद गिटारची, हार्ड केस मागवली. जंबो १७ इंचांपर्यंत असते, म्हणजे रुंदीला प्रश्न नव्हता. खोक्यातून काढली तेव्हा छान वाटली, पण गिटार आत ठेवली आणि ती डुलायला लागली. केसचा तळ सपाट आणि गिटारची पाठ फुगीर, त्यामुळे सगळा भार मधल्या फुगवट्यावर. पाटावर वाटी ठेवली की हलते तशी. कडेला माझ्या गिटारची जाडी जेमतेम सव्वातीन इंच आहे, पण पाठीच्या फुगवट्यापासून तारांपर्यंत मोजलं तर साडेपाच. मोजायचं हे असतं, कडेची जाडी नव्हे.

झाकण तारांना लागतंय की नाही ते बाहेरून कळेना. तेव्हा चपात्यांसाठी मळलेल्या कणकेची बोराएवढी गोळी घेतली, प्लास्टिकच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळली आणि ब्रिजवर तारांच्या मधोमध ठेवली. झाकण लावलं, हळूच उघडलं. गोळीचा कागद झाला होता. त्या झाकणावर कोणी दुसरं सामान ठेवलं असतं तर तो सगळा दाब ब्रिजमधून थेट टॉपवर आला असता. केस परत पाठवली. परतीचा खर्च कापून घेतला गेला, त्याचं वाईट वाटलंच.

आर्चटॉपच्या खास केस परदेशात १६ आणि १७ इंची अशा मापांत मिळतात. गिब्सन कंपनीची एल-५ ही आर्चटॉप १९२२ मध्ये आली ती १६ इंची होती, पुढं १९३० च्या दशकात ती १७ इंची झाली. तीच दोन मापं रूढ झाली. माझी त्या दोन्हींच्या मधली. शिवाय एवढ्या मोठ्या खोक्याचं भाडं आणि कस्टम ड्युटी धरून आकडा माझ्या आवाक्याबाहेर गेला.

मार्ग सापडला भद्रकालीत. तिथं हार्मोनियमच्या पेट्या आणि तबल्या-तानपुऱ्याच्या गवसण्या करणारे एक काका आहेत. मी केसबद्दल बोलायला लागले तर म्हणाले, "वाद्य आण. फोटोवरून गवसणी होत नसते." दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. त्यांनी खाकी कागद अंथरला, गिटार त्यावर धरून मला हात लावायला सांगितला आणि पेन्सिल उभी ठेवून सगळा आकार उतरवला. मग बाजूनं मापं घेतली, नेक जिथं बॉडीला मिळते तिथं दोनदा. तोवर एवढ्या आस्थेनं त्या गिटारकडे कोणीच पाहिलं नव्हतं.

तळाला फोम फक्त कडेनं घ्यायचा आणि पाठीचा फुगवटा मधे अधांतरी राहू द्यायचा, हे त्यांना लगेच पटलं. तानपुऱ्याच्या भोपळ्याला ते असंच करतात. हेडस्टॉकचं, म्हणजे खुंट्यांच्या टोकाचं, मात्र समजावून सांगावं लागलं. तो मागं कललेला असतो. पेटी पाठीवर आपटली आणि हेडस्टॉक तळाला टेकलेला असेल तर तो नेमका तिथंच मोडतो. म्हणून आधार नेकच्या खाली आणि हेडस्टॉकच्या मागं मोकळी जागा. झाकणाला त्यांनी प्लायची कमान दिली.

अस्तरावरून थोडी ओढाताण झाली. ते आतून रेक्झिन, म्हणजे व्हिनाइलचं कापड, लावणार होते. टिकतं आणि पुसता येतं. पण जुन्या गिटारींचं पॉलिश नायट्रोसेल्युलोजचं असतं आणि व्हिनाइल किंवा रबर त्याला बरेच दिवस टेकून राहिलं की पॉलिश मऊ पडून चिकटतं. "मग सुती मखमल," ते म्हणाले, "पण वेळ लागेल." लागू दे म्हटलं. पेटी हातात आली तेव्हा सोल्युशनचा वास डोक्यात जात होता. तीन आठवडे ती गॅलरीत उघडी ठेवली, वास पूर्ण गेल्यावरच गिटार आत गेली.

पिकगार्ड, म्हणजे टॉपला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली सेल्युलॉइडची पट्टी, मी स्क्रू काढून वेगळा ठेवते. जुना सेल्युलॉइड कुजायला लागला की आम्लाचे वायू सोडतो आणि बंद पेटीत तारा, टेलपीस गंजतात. माझ्या गिटारच्या टेलपीसवर हिरवट डाग दिसायला लागलेच होते.

आपली हवाही दोन टोकांची. श्रावणात भिंती ओल धरतात, एप्रिलच्या दुपारी ओठ फुटतात. पेटीत एक छोटा आर्द्रतामापक ठेवलाय. ४५ ते ५५ टक्के असलं की लाकूड सुखात. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकते. उन्हात उभ्या गाडीत मात्र कुठलीच पेटी उपयोगाची नाही. जुने सांधे सरसानं जोडलेले असतात आणि सरस उष्णतेनं सैल पडतो.

कणकेची गोळी याही पेटीत ठेवून पाहिली. उघडलं तर होती तशी गोल.

मागच्या महिन्यात पंचवटी एक्स्प्रेसनं गिटार मुंबईला नेली. कसाऱ्याच्या घाटभर पेटी गुडघ्यांत उभी धरली होती. उतरल्यावर फलाटावरच्या बाकावर उघडली. दुसरी तार किंचित उतरली होती. ब्रिज पेन्सिलीच्या दोन्ही रेघांवर होता.